रकान्यातली माणसं

मागच्या रविवारी सकाळी मावसभावाचा फोन आला. वीकएंडला अकरापर्यंत मी सहसा फोन घेत नाही (बायको याला आळस म्हणते, मी लेखनाची वेळ म्हणतो). पण जालन्याकडचा फोन म्हटल्यावर घेतला.

"दादा, आपल्या आजोबांचा शाळेचा दाखला तुझ्याकडे आहे ना? त्यावर जात काय लिहिलीय?"

"कुणबी. का रे?"

"काही नाही. पोरगा बारावीला आहे."

मग पाऊस, सोयाबीनचा भाव, मावशीचे गुडघे वगैरे बोलून फोन ठेवला. पण डोक्यातून तो दाखला काही जाईना.

आजोबा म्हणजे आमच्या दोघांच्या आयांचे वडील. गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा तालुक्यात. त्यांना दोन मुली. एक, म्हणजे माझी आई, तालुक्यातच दिली. दुसरी, म्हणजे मावशी, पलीकडे जालन्याच्या बाजूला दिली. अंतर म्हणाल तर एसटीने तासाभराचं. आम्हाला तर बाजारहाटाला जालनाच जवळ, बुलढाणा लांब. बोली तीच, देव तेच, लग्नातल्या पंगतीतली भांडणंसुद्धा तीच! आणि तरी आज कागदावर मी कुणबी, म्हणजे ओबीसी, आणि मावसभाऊ मराठा. आजोबांचा दाखला त्याच्या कामाचा नाही, कारण आपल्याकडे जात बापाकडून येते. नोंद त्याला त्याच्या वडिलांच्या घराण्यात सापडायला हवी. हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याने विचारलं.

१९९८ साली मला इंजिनिअरिंगची सीट मिळाली ती ओबीसी कोट्यातून. तो एक वर्ष मागे होता. बारावीला त्याला माझ्यापेक्षा थोडे जास्तच मार्क होते, पण ओपनमध्ये ते पुरले नाहीत. त्याने बीएस्सी केलं आणि आता मोसंबी आणि कपाशी बघतो. मी पुण्यात एसीत बसून वीकएंडला निबंध लिहितो. यात माझी अक्कल किती आणि रकाना किती, हा हिशोब मी कधी नीट मांडला नव्हता. आज मांडून बघतो. त्यासाठी आधी बुलढाण्यातून थेट टेक्सासला उडी मारावी लागणार आहे. जरा धीर धरा, परत येऊ.

दहा प्रश्नांचा फॉर्म

२००८ ते २०११ मी कंपनीतर्फे डॅलसजवळ राहत होतो. २०१० च्या मार्चमध्ये टपालपेटीत अमेरिकन जनगणनेचा फॉर्म आला. अवघे दहा प्रश्न. व्हिसावर असलो तरी तिथे राहतोय म्हणजे मोजला जाणार, त्यामुळे भरायला बसलो.

आठव्या प्रश्नाला थांबलो. प्रश्न असा की तुम्ही हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश वंशाचे आहात का? पुढचा नववा प्रश्न, तुमचा वंश कोणता? गोरा, काळा, अमेरिकन इंडियन, मग एशियन इंडियन, चिनी, फिलिपिनो असे चौकोन. आणि या दोन प्रश्नांच्या आधी एक सूचना: या जनगणनेपुरतं हिस्पॅनिक असणं हा वंश मानलेला नाही.

मी व्यवसायाने डेटाबेसवाला. मनात आलं, हे दोन वेगळे फील्ड का केलेत? एकाच टेबलात ही माहिती का नाही? 'एशियन इंडियन'वर खूण करून फॉर्म पाठवून दिला, पण प्रश्न राहिला.

त्याचं उत्तर शेजारच्या आजोबांकडे मिळालं. वय ऐंशीच्या पुढे, जन्म टेक्सासचाच, आईवडील मेक्सिकोतून आलेले. त्यांच्या नातवाने १९३० च्या जनगणनेचं त्यांच्या घराचं पान कॉम्प्युटरवर शोधून दिलं होतं (तिथे ७२ वर्षांनी घरोघरचे मूळ कागद खुले होतात). त्या पानावर तान्ह्या बाळापुढे वंशाच्या रकान्यात लिहिलं होतं 'मेक्सिकन'. आजोबा हसून म्हणाले, "दहा वर्षांनी मी गोरा झालो. साबणाने नव्हे, नियमाने. आता मला विचारतात हिस्पॅनिक का, तर हो. वंश विचारतात, तर मी 'इतर'वर खूण करतो. आणि घर मी आयुष्यात दोनदाच बदललंय."

हे म्हातारबुवांचं कौतुक नव्हे, हा सरकारी इतिहासच आहे. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि पहिल्या दिवसापासून तिच्यात माणसांचे वर्ग आहेत: मोकळे गोरे, इतर मोकळे आणि गुलाम. १९३० साली 'मेक्सिकन' हा वंश म्हणून घातला आणि सुमारे १४ लाख लोक त्यात मोजले गेले. मेक्सिकोच्या सरकारने आणि तिथल्या मेक्सिकन वंशाच्या नागरिकांनी विरोध केला, कारण गोरं नसणं म्हणजे त्या काळात शाळा, नागरिकत्व, सगळ्यावरच गदा. १९४० ला रकाना गेला आणि ते लोक 'गोऱ्यां'मध्ये विरघळले. माणसं तिथेच होती, आकडा फक्त नाहीसा झाला.

मग उलटं झालं. साठच्या दशकात नागरी हक्कांचे कायदे आले आणि भेदभाव सिद्ध करायचा तर आकडा लागतो हे लोकांच्या लक्षात आलं. ज्यांनी रकाना काढायला लावला होता त्यांच्याच पुढच्या पिढीने रकाना मागितला. १९७० ला नमुन्यापुरता आणि १९८० ला सगळ्यांना हिस्पॅनिक मूळ आहे का हे विचारलं गेलं, पण वंशापासून वेगळा प्रश्न म्हणून. माझ्या दोन फील्डांचं कोडं असं सुटलं. तो कुणा प्रोग्रामरचा गोंधळ नव्हता, तडजोड होती.

आपले लोकही यातून सुटलेले नाहीत. १९२० ते १९४० तिथल्या जनगणनेत 'हिंदू' हा एक वंश होता आणि पंजाबातून गेलेले शीख शेतकरीही त्यात जात! १९७० ला भारतीय लोक 'गोरे' मोजले गेले. मग तिथल्या भारतीयांच्या संघटनेने सरकारकडे धरणं धरलं की आम्हाला वेगळं मोजा, आणि १९८० ला 'एशियन इंडियन' हा चौकोन आला. ज्यावर मी तीस वर्षांनी सहज खूण केली तो चौकोन कुणीतरी मागून घेतलेला होता.

पेन्सिल

या सगळ्या इतिहासात मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे कितीतरी वर्षं वंश लिहायचा तो दारात आलेल्या प्रगणकाने, चेहऱ्याकडे बघून. १९६० पासून लोक फॉर्म स्वतः भरू लागले. पेन्सिल एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

आता बुलढाण्याला येऊ. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. म्हणजे निवडणूक, पल्स पोलिओ आणि जनगणना ही कामं आपोआप आलीच. फेब्रुवारी १९९१ मध्ये मी अकरा वर्षांचा होतो आणि बाबांबरोबर गणनेला गेलो होतो. माझं काम पॅड धरायचं आणि गडी कुठे बाहेर गेलाय ते शेजारी विचारून यायचं.

आमच्या गावच्या बौद्धवाड्यातला एक प्रसंग मला अजून दिसतो. एक आजोबा ओट्यावर बसलेले. बाबांनी धर्म विचारला.

"बौद्ध."

बाबांनी लिहिलं. मग थोडं चाचरत म्हणाले, "यंदापासून नियम बदललाय. बौद्ध असलं तरी अनुसूचित जातीत धरतात. पण जातीचं नाव सांगावं लागतं."

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, ते नाव टाकायसाठीच तर नागपूरला गेलो होतो."

ओट्याच्या कडेला त्यांचा नातू उभा होता, माझ्याच वर्गातला. तो म्हणाला, "बाबा, सांगा. शाळेत लागते." आजोबांनी नाव सांगितलं, बाबांनी लिहिलं. वाटेत बाबा माझ्याशी काही बोलले नाहीत.

तेव्हा मला काही कळलं नव्हतं. आता आकडे समोर ठेवून बघतो. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते २,४८७. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि १९६१ च्या जनगणनेत बौद्ध झाले २७,८९,५०१. दहा वर्षांत हजारपटीहून जास्त! जन्मदराने असं होत नाही. लाखो लोकांनी दारातल्या प्रगणकाला स्वतःहून वेगळं उत्तर दिलं, म्हणून झालं. टेक्सासच्या आजोबांचा रकाना सरकारने बदलला होता. इथे लोकांनी बदलला.

पण त्याची किंमत होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जाती म्हणजे हिंदू (आणि शीख) धर्मातल्याच. बौद्ध लिहिलं की माणूस त्या यादीतून बाहेर. म्हणून महाराष्ट्रातलं अनुसूचित जातींचं प्रमाण १९६१ ला साडेपाच टक्क्यांच्या आसपास दिसतं आणि १९८१ ला सात. राज्य सरकारने नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या हिशोबात ते नव्हते. १९९० ला कायदा दुरुस्त झाला आणि १९९१ ला हेच प्रमाण एकदम ११ टक्क्यांवर गेलं. बाहेरचा कुणी अभ्यासक नुसता हा तक्ता बघेल तर म्हणेल की महाराष्ट्रात दलितांची संख्या ऐंशीच्या दशकात अचानक वाढली. खरं म्हणजे वाढला तो रकाना. आणि त्याच्या एका ओळीमागे ओट्यावरचे ते गप्प बसलेले आजोबा आहेत.

२०११ ला राज्यात बौद्ध होते ६५ लाखांवर. त्यांतल्या सुमारे ५२ लाखांची नोंद अनुसूचित जातीत आहे. उरलेल्या १३ लाखांतल्या सगळ्यांचं कारण एकच असेल असं नाही, पण जातीचं नाव न सांगणारेही त्यांत असणारच. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. आणि सांगणाऱ्यांविषयीही तितकाच. त्या नातवाला शाळेत लागत होतं.

हद्द

मावसभावाच्या रकान्याचं काय, ते आता सांगतो. त्यासाठी नकाशा बघायला हवा. १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ ला लॉर्ड कर्झनने तो कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला. आमचा भाग, म्हणजे देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, हा वऱ्हाडात. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात आणि ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे आजोबांच्या गावापासून काही कोसांवर दुसरं राज्य, दुसरं महसूल दफ्तर, दुसरी भाषा (कचेरीची, घरची नव्हे). १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ ला दोन्ही बाजू मुंबई राज्यात आल्या, १९६० ला महाराष्ट्र झाला. हद्द गेली, दफ्तरं राहिली.

वऱ्हाडच्या दफ्तरात शेतकरी समाजाची सर्वांत मोठी जात म्हणून कुणबी दिसते. पलीकडे बऱ्याच घराण्यांच्या नोंदी मराठा म्हणून आहेत. विदर्भातल्या मराठ्यांनी कुणबी ही नोंद टिकवली, याचं श्रेय आमच्याकडे पंजाबराव देशमुखांना देतात. १९६७ ला राज्याची ओबीसी यादी झाली तेव्हा कुणबी त्यात आले, मराठा आले नाहीत. आजोबांच्या दोन जावयांची घराणी दोन दफ्तरांत होती, आणि तिथून मी आणि मावसभाऊ वेगळे झालो.

२०२३ च्या ऑगस्टच्या शेवटी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले आणि हा विषय देशभर गेला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती जुन्या कुणबी नोंदी शोधायला लागली. राज्यभरात पन्नास लाखांवर नोंदी मिळाल्या, पण बहुतेक विदर्भात. मराठवाड्यात, जिथे मागणी होती तिथे, अगदी थोड्या. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटियर आधार धरण्याचा निर्णय काढला. त्याला ओबीसी संघटनांचा विरोध आहे, आणि तो उगाच नाही. ताट तेवढंच आणि पंगत वाढली तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार, हे कुणालाही कळतं. त्याच निर्णयानंतर बंजारा समाजही म्हणाला की हैदराबादचाच आधार धरायचा तर आम्हाला आदिवासी धरा. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. तांडा तोच, राज्यं तीन, रकाने तीन.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकालाही असंच एक उदाहरण आहे. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या वर सातपुडा लागतो. तिथले कोरकू, निहाल हे मेळघाटातल्या कोरकूंचेच भाऊबंद. पण १९७६ च्या कायद्यापर्यंत विदर्भातली अनुसूचित जमातींची यादी ठरावीक तालुक्यांपुरती होती: मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. बुलढाणा त्यात नाही. म्हणजे डोंगराच्या एका अंगाला आदिवासी आणि दुसऱ्या अंगाला उतरला की नाही! ही तालुक्यांची अट निघाली आणि १९७१ ला राज्यात पावणेसहा टक्के असलेले आदिवासी १९८१ ला नऊ टक्क्यांवर गेले. (अट निघाल्यावर इतरांनीही नावं घुसवली असा आरोप झाला. तो वाद अजून कोर्टांत चालू असतो.)

मग रकाने पुसूनच टाकायचे का?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, सगळं माणसांनी बनवलेलं आहे ना, मग सोडा, मोजूच नका. मीही काही वर्षं असंच म्हणायचो. आमच्या ऑफिसात लंचला हे वाक्य हमखास टाळ्या घेतं. तिथे टाळ्या वाजवणाऱ्यांना (माझ्यासकट) रकान्याची गरज उरलेली नसते, एवढंच. मी आता क्रीमी लेअरमध्ये आहे. माझ्या मुलीला तो दाखला काही उपयोगाचा नाही, आणि नसावाच.

माझं मत बदललं ते दोन-तीन आकड्यांमुळे.

पहिला अमेरिकेतला. हिस्पॅनिक लोक सरासरीने गोऱ्यांपेक्षा गरीब, त्यांच्यात आरोग्य विमा नसलेले जास्त. मग ते लवकर मरत असतील असं कुणालाही वाटेल. १९८६ साली मार्किडेस आणि कोरील या दोन संशोधकांनी दाखवलं की तसं दिसत नाही. २०१० मध्ये, म्हणजे मी तो फॉर्म भरला त्याच वर्षी, तिथल्या सरकारने हिस्पॅनिकांचे आयुर्मानाचे तक्ते पहिल्यांदा काढले. २००६ सालचं अपेक्षित आयुर्मान: हिस्पॅनिक ८०.६ वर्षं, गोरे ७८.१, काळे ७२.९. यामागे स्थलांतर करणारे मुळात धडधाकट असणं, सिगारेट कमी ओढणं अशी कारणं सांगतात. आणि कोविडमध्ये, २०१९ ते २०२१ या काळात, त्यांचंच आयुर्मान चार वर्षांच्या आसपास घसरलं, गोऱ्यांचं त्याच्या निम्मं. ते लोक 'गोऱ्यां'मध्ये विरघळलेलेच राहिले असते तर यातलं चांगलंही दिसलं नसतं आणि वाईटही.

दुसरा आपला. २०११ ला देशातल्या अनुसूचित जातींची साक्षरता ६६ टक्के होती, देशाची ७३ आणि बौद्धांची ८१. देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन महाराष्ट्रातले, आणि त्यांतले बहुतेक त्या १९५६ च्या पिढीची मुलं-नातवंडं. बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४ टक्के, देशातल्या एकूण स्त्रियांची ६५ च्याही खाली. शाळेत लागते म्हणणाऱ्या त्या नातवाची ही आकडेवारी आहे. धर्माचा रकाना वेगळा नसता तर ही मजल एका मोठ्या सरासरीत बुडून गेली असती.

तिसरा आमच्या जिल्ह्याचा आणि तो लिहिताना लाज वाटते. २०११ ला बुलढाण्याची लोकसंख्या २५,८६,२५८. साधारण ७१ टक्के हिंदू, १४ टक्के बौद्ध, १४ टक्क्यांना थोडे कमी मुस्लिम. राज्यात बौद्ध ६ टक्क्यांच्या आत आहेत, म्हणजे आमचा जिल्हा या बाबतीत बराच वेगळा. अनुसूचित जाती सुमारे १८ टक्के. आणि सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ८५५. दहा वर्षांपूर्वी, २००१ ला, त्या ९०८ होत्या. राज्याची सरासरी ८९४. जिजाऊंचं माहेर सिंदखेड राजा ज्या जिल्ह्यात आहे, तिथली ही गोष्ट.

या मुली कुणाच्या घरातून कमी झाल्या? अनुसूचित जाती, जमाती आणि धर्म यांचे आकडे वेगवेगळे काढता येतात. पण कुणबी, मराठा, माळी, वंजारी, बनिया, ब्राह्मण हे सगळे 'इतर' नावाच्या एकाच पोत्यात आहेत. सगळ्या जातींची मोजणी होऊन आकडे हाती आले ते शेवटचे १९३१ ला. १९४१ ला जातवार तक्ते झालेच नाहीत, १९५१ पासून विचारणंच बंद. २०११ च्या वेगळ्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली, पण ते जातींचे आकडे बाहेर आले नाहीत. म्हणजे आपल्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही, कारण आपला रकानाच नाही. दाखल्यासाठी आम्ही कुणबी की मराठा यावर मोर्चे निघतात. या ८५५ साठी आमच्यापैकी कुणी मोर्चा काढलेला मला आठवत नाही. मीही नाही.

मोजलं जाण्याची भीती खोटी नाही हेही सांगायला हवं. १९४२ साली अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं तेव्हा ते कुठल्या भागात किती राहतात याचे आकडे १९४० च्या जनगणनेतूनच दिले गेले. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने फासेपारध्यांसारख्या जमाती 'गुन्हेगार' या रकान्यात टाकल्या, आणि १९५२ ला कायदा गेला तरी आमच्याकडे चोरी झाली की पोलिसांची जीप आधी पारधी बेड्यावर जाते. आकडा दिवा आहे तसा चटकाही आहे. म्हणून मला तो पेन्सिलीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. स्वतः सांगितलेलं उत्तर आणि दुसऱ्याने कपाळावर लिहिलेलं उत्तर, रकाना तोच असला तरी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अर्थात स्वतः सांगितलं म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. २०१० ला अमेरिकेतल्या हिस्पॅनिकांपैकी ५३ टक्क्यांनी आपला वंश फक्त 'गोरा' सांगितला होता. २०२० ला २० टक्क्यांनी. लोक बदलले की फॉर्म? बराचसा फॉर्म. प्रश्नाची रचना आणि उत्तरं कोड करायची पद्धत बदलली होती. (सॉफ्टवेअरवाल्यांनो, रिलीज नोट्स वाचत चला. :) ) शेवटी मार्च २०२४ मध्ये त्यांनी ठरवलं की इथून पुढे हिस्पॅनिक आणि वंश हे दोन प्रश्न एकत्र करायचे. माझे दोन फील्ड एका टेबलात आले, पण चौदा वर्षांनी.

आपल्याकडेही ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने ठरवलं की येत्या जनगणनेत सगळ्यांची जात विचारायची. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. मोबाईलवर स्वतः माहिती भरायची सोयही ठेवायची म्हणतात. बाबांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "त्यात खोडायची सोय आहे का? लोक सांगून झाल्यावर इचार करतात." मी म्हटलं, सबमिट करेपर्यंत असेल बहुतेक.

संध्याकाळी मी मावसभावाला परत फोन केला. म्हटलं, आजोबांचा दाखला स्कॅन करून पाठवतो, उपयोग नसला तरी असू दे तुझ्याकडे. आणि १९९८ चं ते सांगायचं होतं, इतकी वर्षं राहिलेलं. म्हणालो, मार्क तुला जास्त होते रे. तो हसला. म्हणाला, "आठ. मला पाठ आहे."

थोडा वेळ दोघंही गप्प. मग त्यानेच विचारलं, "२०२७ ला तू काय लिहिणार?"

"कुणबी. तू?"

"बघू. पोराला विचारतो," तो म्हणाला, आणि मावशीकडे फोन दिला.